बंधारा राहिला, पुळण गेली

जून लागला की कोकणच्या किनाऱ्यावरून ठरलेल्या बातम्या येऊ लागतात. अमावास्येचं उधाण, जोडीला नैर्ऋत्येचा वारा, चार माड आडवे, कुणाच्या कंपाउंडचा चिरा पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांची पाहणी होते आणि तिसऱ्या दिवशी मागणी येते: धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर करा. मागणी करणाऱ्यांत घर जाईल या भीतीने झोप उडालेले मच्छीमार असतात. त्यांच्या मागे, आवाज न करता, समुद्राला चिकटून रिसॉर्ट बांधलेलेही असतात. निविदेत हा फरक दिसत नाही, दगड दोघांसाठी सारखाच पडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बंधाऱ्याने किनारा वाचत नाही. बंधाऱ्यामागची इमारत काही वर्षं वाचते आणि त्याची किंमत पुळण मोजते. ही किंमत कुणाच्या घरासाठी मोजायची आणि कुणाच्या ‘सी फेसिंग’ खोल्यांसाठी मोजायची नाही, हे आता उघडपणे बोललं पाहिजे. कारण पुळण कुणा एकाच्या मालकीची नाही. ती रापण ओढणाऱ्यांची आहे, मासळी सुकवणाऱ्या बायकांची आहे, संध्याकाळी तिथे खेळणाऱ्या पोरांची आहे.

पुळण एका जागी बसून राहत नाही, ही यातली पहिली गोष्ट. पावसाळ्यात लाटा उंच, आखूड आणि एकामागून एक येतात. त्या काठावरची वाळू ओढून नेतात. नेलेली वाळू बहुतेक वेळा फार लांब जात नाही. काठापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा आडवा उंचवटा तयार होतो. पुढच्या मोठ्या लाटा त्या उंचवट्यावर फुटतात, त्यांचा जोर तिथेच मोडतो आणि काठाला लागते ती दमलेली लाट. म्हणजे आपण ज्याला ‘वाळू वाहून गेली’ म्हणतो, ती पुष्कळदा किनाऱ्याची स्वतःची संरक्षणाची तयारी असते. पाऊस सरतो, वारा पडतो, लांब आणि मंद लाटा सुरू होतात आणि तीच वाळू हळूहळू परत काठावर चढते. नारळी पौर्णिमेला खचलेली दिसणारी पुळण शिमग्याला पुन्हा रुंद झालेली असते. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. जुलैत पाहणीला येणाऱ्या गाड्यांना ते दिसत नाही, कारण त्या जानेवारीत वाळू परत आली का हे बघायला येत नाहीत.

या सगळ्या व्यवहाराला मागे थोडी शिल्लक लागते. काठामागचे वाळूचे उंचवटे, त्यांवर पसरलेली मर्यादवेल, मागे केवड्याची बनं, ही किनाऱ्याची मुदत ठेव आहे. एखाद्या वर्षी वादळ आलं तर समुद्र त्यातून उचल करतो आणि पुढच्या शांत वर्षांत थोडं थोडं परत भरतो. आपण काय केलं? उंचवटे जेसीबीने सपाट केले, वेल उपटून लॉन लावलं, केवडा साप येतो म्हणून तोडला. मग समुद्र उचल करायला आला तेव्हा त्याच्या हाताला घराचा पायाच लागला.

आता इथे दगडी भिंत उभी करा. लाटेला चढायला उतार राहत नाही. ती भिंतीवर आपटते आणि बराचसा जोर घेऊन मागे फिरते. जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. पायथा खोल होतो, खोल पाण्यात लाट आणखी मोठी राहते, मोठी लाट आणखी उकरते. भिंतीमागची वाळू दगडाखाली कोंडलेली असते, त्यामुळे समुद्राला उसनी द्यायला काठाकडे काही उरत नाही. काही पावसाळ्यांत भरतीच्या वेळी पुळण दिसेनाशी होते. मग ओहोटीलाही पाणी दगडाला लागलेलं राहतं. होडी लावायला जागा नाही, जाळं पसरायला जागा नाही. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं दगडांचा तो ढीग चढू शकत नाहीत. मंडणगड तालुक्यातलं वेळास या कासवांमुळे देशभर ओळखलं जातं, लोक कासव महोत्सवाला मुक्काम करून पिल्लांची समुद्राकडची धाव बघतात. ते सगळं उभं आहे मोकळ्या वाळूवर. तिथे दगड टाकला की कासव संपलं आणि त्या गावाचा रोजगारही.

भिंतीच्या दोन टोकांना काय होतं, हे तर सर्वांत वाईट. जिथे दगड संपतो तिथे लाट वळून आत शिरते आणि शेजारच्या मोकळ्या काठाचा घास घेते. म्हणून बंधारा कधीच पुरा होत नाही. या वाडीचा झाला की पुढची वाडी मागते आणि तिची मागणी खरी असते, कारण तिची धूप या बंधाऱ्याने वाढवलेली असते. केरळात कोचीजवळ चेल्लानमला हे सगळ्यांसमोर घडलं. सुमारे सव्वासात किलोमीटरच्या पट्ट्यात टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांची, भिंत घालायला ३४४ कोटी रुपयांचा प्रकल्प आखला गेला. भिंतीमागच्या घरांना पावसाळ्यात खराच दिलासा मिळाला, हे नाकारायचं कारण नाही. पण भिंत जिथे संपली त्याच्या पुढच्या कन्नमालीच्या लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं: आमच्यापर्यंत भिंत आणा. किलोमीटरला जवळपास ४७ कोटी या दराने महाराष्ट्राचा किनारा किती झाकणार? जुन्या मोजणीने आपला किनारा ७२० किलोमीटर होता, खाड्या-खाचखळग्यांसकट नव्याने मोजला तेव्हा तो ८७७ किलोमीटरच्या पुढे गेला. कुठलाही अर्थसंकल्प आणा, हे गणित बसणार नाही.

आणि तेवढी गरजही नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० पासूनच्या उपग्रह चित्रांवरून देशाचा किनारा तपासला. देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतोय. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण पाव आहे, जवळजवळ दोन तृतीयांश किनारा स्थिर आहे आणि काही ठिकाणी तर वाळू भरतेय. म्हणजे कुठे खरं दुखणं आहे हे सांगता येतं. पश्चिम बंगालसारखी, साठ टक्क्यांच्या वर किनारा झिजण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही. आपल्याकडे अजून निवड करायला जागा आहे, म्हणूनच आज चुकीच्या ठिकाणी पडलेला दगड मला जास्त सलतो.

वाळू कमी का पडते, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कोकणचा किनारा सलग वाळूचा नाही. दोन खडकाळ टोकांच्या मध्ये अडकलेल्या छोट्या छोट्या पुळणी, मध्ये खाडीचं तोंड, पुन्हा डोंगर. एका पुळणीची वाळू शेजारच्या पुळणीला सहज मिळत नाही. जे आहे ते खाडीतून येणाऱ्या आणि त्याच कोनाड्यात फिरणाऱ्या वाळूवर. आणि त्याच खाड्यांत सक्शन पंप लागलेत. परवाना हातपाटीचा असतो, बुडी मारून पाटीने वाळू काढायची. उपसा मात्र यंत्राने होतो. महसूल खातं अधूनमधून धाड घालतं, बोटी जाळल्याचे फोटो छापून येतात आणि पुढच्या अमावास्येला पंप पुन्हा घरघरतात. खाडीतून वाळू काढायची, तिच्यातून बंगले बांधायचे आणि वाळू नाही म्हणून झिजणाऱ्या काठावर डोंगर फोडून आणलेला काळा दगड टाकायचा. एकाच जिल्ह्यात हे तिन्ही चालतं आणि तिन्हींची बिलं निघतात. ज्या जिल्हाधिकारी कार्यालयात धुपीच्या तक्रारींची फाइल आहे त्याच इमारतीत वाळूच्या परवान्यांचीही फाइल आहे. ती दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत, याचा मला राग येतो.

दुसरं कारण बंदरांच्या भिंती. याचं शंभरावर वर्षं जुनं उदाहरण चेन्नई आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे बंदराच्या लाटरोधक भिंती समुद्रात गेल्या. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षभराच्या हिशेबाने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, ती भिंतीशी अडली. दक्षिणेला मरीना बीच फुगत गेला आणि उत्तरेला रॉयपुरम झिजत गेलं. शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, पुदुच्चेरीने तेच केलं. बंदराच्या भिंती झाल्या आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. फ्रेंच काळातल्या त्या देखण्या रस्त्याखाली नुसते दगड उरले, एक पिढी वाळूत न खेळता मोठी झाली. मग २०१८-१९ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडसर बसवला. लाटेचा जोर काठाच्या आधीच मोडला, वाळू बसायला लागली आणि लोक पुन्हा वाळूवर उतरले. हा उपाय उचलून जसाच्या तसा कोकणात ठेवा, असं मी म्हणत नाही. आपला पावसाळी समुद्र वेगळा, पुळणींची रचना वेगळी. पण गेलेली पुळण परत आणता येते, हे आपल्याच देशात दिसलेलं आहे. भिंतीशिवाय दुसरा मार्गच नाही हे पालुपद त्यानंतर तरी थांबायला हवं होतं.

मिऱ्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. रत्नागिरी शहराला लागून असलेला हा काठ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज इथल्या ‘पंधरा माड’ नावाच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने मिऱ्या पाहिलं. मिऱ्याच्या लोकांनी त्याआधी कितीतरी पावसाळे आपल्या बंधाऱ्याचे दगड ढासळताना पाहिले होते. दगड का ढासळतो यात गूढ काही नाही. पायथ्याची वाळू निघाली की वरचा दगड खाली बसतो. दगडांच्या खाली बारीक खडीचा किंवा जिओटेक्स्टाइल कापडाचा गाळणीसारखा थर नीट घातला नसेल, तर मागची वाळू फटींतून शोषली जाते आणि रस्ता वरून शाबूत दिसत असताना आतून पोकळ होतो. ही कामं करताना थर घातला की नाही, हे एकदा दगड पडल्यावर कुणाला दिसत नाही. म्हणून तपासणी काम चालू असताना व्हायला हवी, गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि शेजारीच मिरकरवाड्याचं बंदर आहे. त्याच्या लाटरोधक भिंतींनी या उपसागरातल्या वाळूच्या वाटेवर काय परिणाम केला, याची मोजणी मिऱ्याच्या ग्रामसभेत, मराठीत, नकाशासकट मांडली पाहिजे. किनाऱ्याच्या बांधकामांचा अभ्यास करणारं देशातलं मोठं केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे, १९१६ पासून. इतक्या जवळ असलेलं ज्ञान गावापर्यंत पोचू नये?

देवबागच्या माणसाला मात्र मी हे सगळं सांगून वाटेला लावणार नाही. मालवण तालुक्यात तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेला उतरते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, टोकाला दोहोंचा संगम. तिथे मागे सरका म्हणायला मागे जागाच नाही. मागे सरकलं की खाडी. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गाबित मच्छीमार कुटुंबाच्या घरापुढे तातडीचा बंधारा घालावा लागला, तर तो जरूर घालावा. पण त्याला तात्पुरता म्हणायचं धैर्य ठेवा. आज दगड टाकला म्हणून पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न मिटला, असं त्या लोकांना खोटं सांगू नका. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) ताज्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर ती वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढत होती. सपाट वाळूच्या पट्टीवर एवढी वाढही पुरेशी असते.

आपल्या जुन्या लोकांनी घरं कुठे बांधली ते बघा. पुळणीवर फक्त मांगर आणि जाळ्यांच्या खोपी, पावसाळ्यापूर्वी उतरवता येतील अशा. मग वाळूचा उंचवटा, मग माडांची बाग आणि तिच्याही मागे घर. समुद्र दिसला पाहिजे अशी त्यांची अट नव्हती, तो आयुष्यभर समोर होताच. काठावर पक्कं बांधकाम आलं ते जमिनीला भाव आल्यावर.

१९९१ ची किनारी नियमन अधिसूचना हेच शहाणपण कायद्यात आणू पाहत होती: ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम नको. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक असतील तिथे, हे अंतर ५० मीटरवर आणलं. तात्पुरत्या पर्यटन सोयींना तर भरतीरेषेपासून १० मीटरवर मुभा दिली. समुद्र पुढे येत असताना आपण त्याच्याकडे सरकलो. त्याहून न पटणारी गोष्ट म्हणजे धोक्याची रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाने पूर, धूप आणि समुद्रपातळीची वाढ धरून देशभर ही रेषा आखली. सरकारने पैसे खर्च करून ती काढली आणि मग सांगितलं की ती आपत्ती नियोजनासाठी आहे, बांधकामाला मनाई करण्यासाठी नाही. धोका कुठे आहे हे माहीत असूनही तिथे पक्कं बांधकाम होऊ द्यायचं आणि ते कोसळायला लागलं की सार्वजनिक पैशाने बंधारा द्यायचा, याला मी धोरण म्हणणार नाही.

म्हणून किनाऱ्यावर प्लॉट घेऊ पाहणाऱ्यांना कळकळीने सांगतो. पुण्या-मुंबईचे कितीतरी लोक डिसेंबरात, सुट्टीत, रुंद पुळण आणि निळं पाणी बघून सौदा करतात. प्लॉट जुलैच्या अमावास्येला, भर उधाणात बघा. दलाल त्या दिवशी यायला तयार नसेल तर त्यातच उत्तर आहे. तालुक्याचा किनारी व्यवस्थापन नकाशा मागा, त्यावर भरतीरेषा आणि धोक्याची रेषा दोन्ही बघा. जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं संगणकावर फुकट बघता येतात, पंधरा-वीस वर्षांपूर्वी झाडांची ओळ कुठे होती ते पाहा. शेजारी आधीच बंधारा असेल तर ती सुरक्षिततेची खूण समजू नका, तुमचा प्लॉट त्याच्या टोकाला तर येत नाही ना हे तपासा. आणि जमीन आधीच घेतली असेल तर घर मागे घ्या, पुढची वाळू मोकळी सोडा, मर्यादवेलीला हात लावू नका, सपाटीकरण करू नका, समुद्राच्या बाजूला कंपाउंडची भिंत तर मुळीच घालू नका. सुरूची रोपं रांगेत लावून वन खात्याचं आणि आपलं समाधान होतं, पण उधाणात उन्मळून पडलेली सुरूची झाडं दरवर्षी दिसतात. वाळू धरून ठेवायचं काम जमिनीलगत पसरणारी वेल जास्त चांगलं करते. हे सगळं करूनही पन्नास वर्षांची हमी मिळत नाही. पण तुमच्यामुळे शेजाऱ्याचा काठ तरी जाणार नाही.

जिथे भिंत हवीच, तिथे तसं स्पष्ट सांगून बांधावी. मरीन ड्राइव्ह भराव टाकून झाला, तिथे पुळण नाही आणि मुंबईने ते स्वीकारलं आहे. मोठं शहर, रुग्णालय, मुख्य रस्ता, बंदर यांच्यासाठी दगड टाकावा. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पेंठा गावी वाळू भरलेल्या जिओट्यूबची सुमारे अर्ध्या किलोमीटरची भिंत उभी राहिली, कारण मागे शेतं आणि गावं होती. पण त्याच जिल्ह्यातल्या सातभायाला समुद्राने एकामागून एक वस्त्या गिळल्या, तेव्हा उरलेल्या लोकांना बागपाटियाला नेऊन वसवावं लागलं. एकाच जिल्ह्यात एक जागा राखली, दुसरी सोडली. अवघड होतं, पण दोन्ही निर्णय घ्यावे लागले.

नेदरलँड्सने १९९० मध्ये ठरवलं की त्या वर्षाची किनाऱ्याची रेषा टिकवायची, मुख्यतः वाळू घालून. २०११ मध्ये तर हेगजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकदाच टाकली आणि पसरवायचं काम समुद्रावर सोडलं. आपल्याकडे एवढा पैसा नाही, मान्य. पण मच्छीमार बंदराच्या किंवा खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ आपणही उपसतो. त्यात स्वच्छ वाळू निघत असेल तर ती लिलावात जाऊ नये, शेजारच्या झिजणाऱ्या पुळणीवर पडावी. यासाठी नवं तंत्र लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

आणि ज्यांना उठावं लागेल त्यांचं काय? पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये सुचवले. देशाच्या मानाने रक्कम थोडी आहे, पण पुनर्वसन हा शब्द तिथे आहे. उलट आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत नदीने पात्र बदललं किंवा दरड कोसळली आणि जमीन गेली तर अल्प व अत्यल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये होते. समुद्राने जमीन नेली तर त्या ओळीत समुद्राचं नाव नव्हतं. देशाच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, हिमस्खलन आहे, टोळधाडीसारखा किडींचा हल्ला आहे, किनाऱ्याची धूप नाही. ज्याची वाडी दर पावसाळ्यात दोन हात कमी होते त्याला पदरात पडण्यासारखी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे बंधारा. म्हणून तो बंधारा मागतो. त्याच्या मागणीला दोष देण्याआधी त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवा.

कोकणातल्या सगळ्या आमदार-खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, येत्या अधिवेशनात दोन गोष्टी मागाव्यात. राज्याने स्वतःच्या निकषांत समुद्राने नेलेल्या जमिनीला भरपाई द्यावी. आणि नव्या बंधाऱ्याची निविदा काढण्यापूर्वी, आधी बांधलेल्या प्रत्येक बंधाऱ्यापुढची पुळण बांधताना किती रुंद होती आणि आज किती आहे, हे मोजून त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. मोजायला टेप लागतो आणि ओहोटीची वेळ.